एआय एजंटकडून एडिटिंग, सात महिन्यांनंतर: सगळं भांडण 'फ्रेम' या एका शब्दाचं

एमसीपी म्हणजे एआय मॉडेलला दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडायची एक ठरलेली पद्धत. तिच्यातून एजंटला 'टूलं' मिळतात, म्हणजे एकेक काम करणाऱ्या आज्ञा. कुठलं टूल कधी वापरायचं हे तो त्यांची लिहिलेली वर्णनं वाचून ठरवतो, आणि असंच एडिटिंग सॉफ्टवेअरही चालवतो. मी फोंड्यात लग्नं, जत्रेतली नाटकं आणि घुमट या मातीच्या वाद्यावरच्या चवथीच्या आरत्या शूट करतो. एडिटिंगला एकटाच. म्हणून सात महिन्यांपूर्वी एजंटला एडिटिंग सॉफ्टवेअरशी जोडणारा एक फुकट एमसीपी कनेक्टर घेतला, वर मॉडेलचं महिन्याचं बिल.

पहिले दोन महिने खूश होतो. आरतीचे तीन कॅमेरे आवाजावरून जुळवणं, प्रत्येक आरतीच्या सुरुवातीला मार्कर टाकणं, ज्यात माझी आख्खी संध्याकाळ जायची, ते काम जेवून येईपर्यंत झालेलं असायचं. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग जत्रेचं एक अडीच तासांचं नाटक आलं. दुसऱ्या मिनिटाला 'मोबाईल बंद ठेवा'ची चाळीस सेकंदांची घोषणा होती, ती काढ म्हणून एजंटला सांगितलं. 'काढली' म्हणाला. मी सुरुवात आणि शेवट पाहिला आणि तीस पेनड्राइव्ह भरून दिले. रात्री दहाला नायिकेचं काम करणाऱ्या बाईंचा फोन. "भाऊ, दुसऱ्या अंकातलं माझं स्वगत कुठं गेलं?" घोषणा जागच्या जागी होती, स्वगतातली चाळीस सेकंदं गेली होती. रिपल डिलीट असल्यामुळे पुढचं सगळं मागे सरकून जोडलं गेलं, काळी फ्रेमसुद्धा दिसली नाही. त्या बाई वर्षभर त्या चार वाक्यांची तालीम करतात. मला रात्रभर झोप लागली नाही.

कनेक्टरवाल्यांना लिहिलं, त्यांनी मॉडेलकडे बोट दाखवलं. मॉडेलवाल्यांचा मदत विभाग म्हणाला, टूल तपासा. तीन आठवडे हेच. शेवटी कनेक्टरची पायथन फाइल स्वतः उघडली. भाग काढणाऱ्या टूलचं वर्णन इतकंच होतं: 'टाइमलाइनचा भाग काढतो. सुरुवात: फ्रेम. शेवट: फ्रेम.'

फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र. पण कुठून मोजलेली फ्रेम? आमच्या टाइमलाइनचा टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) 01:00:00:00 पासून सुरू होतो, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने पहिल्याच चित्राचा आकडा 90,000. क्लिप ठेवणारं टूल हा आकडा धरून मोजतं, तर भाग काढणारं टूल शून्यापासून. दोन्हींच्या वर्णनात शब्द एकच, 'फ्रेम'. एजंटने दुसरं मिनिट म्हणून 93,000 दिले. शून्यापासून मोजलं की ते बासष्टावं मिनिट होतं. पाच मिनिटांची रील असती तर आकडा बाहेर पडला असता आणि टूलने एरर दिला असता. अडीच तासांच्या नाटकात तो बरोबर आत बसला.

त्या दिवशी माझं मत बदललं. तोवर मी मॉडेललाच शिव्या घालत होतो. पण नव्या पोराला मी 'अमुक फ्रेमवर काप' एवढंच सांगितलं असतं, तर त्यानेही हेच केलं असतं.

वर्णन नव्याने लिहिलं: 'दिलेला भाग काढून पुढचं सगळं मागे ओढतो. वेळ स्क्रीनवर दिसतो तोच टाइमकोड, उदाहरणार्थ 01:02:00:00. रिकामी जागा ठेवायची असेल तर हे टूल वापरू नकोस, लिफ्ट वापर. चालवण्याआधी त्या जागेची क्लिप वाचून दाखव.' फ्रेमचा हिशेब आता कोड करतो. टूल आधी नुसतं 'ट्रू' परत द्यायचं, आता कुठली क्लिप, कुठून कुठपर्यंत गेली, ते सांगतं. सर्वांत जास्त फरक याच बदलाने पडला, कारण चूक झाली तर एजंटला स्वतःलाच दिसते.

उत्साहात सगळ्या सत्तर टूलांची वर्णनं अशी लांब लिहिली, तीही मराठीत. पुढच्या महिन्याचं बिल बघून डोळे पांढरे झाले. टूलांची यादी प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जाते, आणि देवनागरीला टोकनही, म्हणजे बिल ज्यांवर मोजतात ते मजकुराचे तुकडे, जास्त लागतात. मराठी त्याला नीट कळतं, पण माझ्या खिशाला परवडत नाही. वर्णनं इंग्रजीत केली, चाळीसहून अधिक टूलं बंद केली. बिल उतरलंच, शिवाय चुकीचं टूल उचलणंही कमी झालं. रंगाची आठ टूलं मी आयुष्यात वापरणार नव्हतो.

एक गोष्ट अजून सतावते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेलं लग्नाचं फुटेज सेकंदाला 29.97 फ्रेमचं, 'ड्रॉप फ्रेम' टाइमकोडचं होतं. त्यात टाइमकोड घड्याळाशी जुळावा म्हणून दर मिनिटाला फ्रेमचे दोन आकडे गाळतात, दर दहावं मिनिट सोडून, म्हणजे तासाला 108. कोलनच्या जागी अर्धविराम असेल तर तो ड्रॉप फ्रेम, हे वर्णनात लिहिलंय. तरी तासाभराच्या फुटेजमध्ये एजंट कधीकधी साडेतीन सेकंदांनी चुकतो. मंगलाष्टकांत साडेतीन सेकंद म्हणजे अक्षता पडायच्या आधीच कट. असलं फुटेज आता आधी 25 वर बदलून घेतो, मगच एजंटच्या हाती देतो.

बाईंना पेनड्राइव्ह नवा करून दिला. यंदाच्या जत्रेचं त्यांचं नाटकही मीच करतोय. दुसरा अंक मात्र पूर्ण बघून मगच देणार.