बटाट्याची पिशवी फसली: पुढच्या हंगामात पुन्हा बटाटा की रताळे?

फेब्रुवारीत बटाटा लावलेली मातीची पिशवी पालथी केल्यावर जेमतेम ओंजळभर सुपारीएवढे बटाटे निघाले असतील, तर ठाणे किंवा नवी मुंबईत बाल्कनीत लागवड करणाऱ्याने खत-पाण्याचा हिशेब मांडण्यापूर्वी रात्रीच्या तापमानाचा हिशेब मांडावा. बटाट्याचा कंद धरतो आणि पोसला जातो तो गार रात्रींत. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल, तर पानांत तयार झालेले अन्न खाली कंदांकडे उतरते. रात्री त्याहून उबदार झाल्या की कंद धरण्याचे प्रमाण घटत जाते आणि वर पाला मात्र माजतो. आपल्याकडे पहाटेचा पारा या मर्यादेत राहतो तो मुख्यतः डिसेंबर-जानेवारीतले काही आठवडे, आणि फेब्रुवारी सरता सरता दुपारी बत्तीस-तेहतीस अंशांची धग सुरू होते. मुंबईकरांच्या बाजारच्या पिशवीत तळेगाव, इंदूर, आग्रा ही नावे घेऊन बटाटा येतो, ठाण्या-बेलापूरचे नाव घेऊन येत नाही, याचे मुख्य कारण हेच आहे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या सातगाव पठारावर तर खरिपातही बटाटा पिकतो, कारण तिथली उंची पावसाळ्यातही गारवा राखते. तो गारवा कोपरखैरण्याच्या सातव्या मजल्यावर आणता येत नाही.

तरीही सगळेच अपयश हवेच्या माथी मारणे योग्य नाही, आणि पुन्हा बटाटा लावावा की रताळ्याकडे वळावे, याचे उत्तर बरेचसे त्या उलट्या केलेल्या मातीतच मिळते. पाला गुडघ्यापर्यंत हिरवागार आणि खाली नुसत्या पांढऱ्या मुळ्या, असे दिसले तर एक तर ऊन कमी पडले असेल, किंवा शेणखताबरोबर युरियासारखे नत्रयुक्त खत जास्त झाले असेल, किंवा लागवडीला उशीर झाला असेल. कंद संख्येने बरेच पण सगळेच बारीक असतील, तर कंद धरले होते, पोसायला गार दिवस पुरले नाहीत, असे समजावे. लावलेला तुकडाच काळा पडून कुजला असेल, तर तो ऑक्टोबरच्या उष्म्यात ओल्या मातीत लावलेला असण्याची शक्यता मोठी आहे. वरच्या थरातले बटाटे हिरवे झाले असतील, तर खोडाला मातीची भर वेळेवर दिली गेली नाही. असे हिरवे बटाटे साल काढूनही खाऊ नयेत, कारण त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते. या कारणांपैकी उशीर, भर आणि खत यांवर उपाय आहे. बाल्कनीत चार तासांपेक्षा कमी ऊन येत असेल, तर त्यावर उपाय नाही.

पुन्हा बटाटाच लावायचा असेल, तर तारीख हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा गाठला, तर उगवण होऊन साधारण महिनाभराने, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात, कंद धरू लागतात आणि वर्षातल्या सर्वांत गार रात्री त्यांच्या वाट्याला येतात. तीच लागवड नाताळच्या सुमारास केली, तर कंद पोसण्याचा काळ थेट फेब्रुवारीच्या उन्हात सापडतो. जातीचा प्रश्न याहून अवघड आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उष्णता सोसणारी ‘कुफ्री सूर्या’ ही जात काढलेली आहे आणि आपल्या हवेला कागदावर तीच सर्वांत जवळची आहे, पण प्रमाणित बियाणे विकले जाते ते शेतकऱ्याला लागणाऱ्या गोण्यांच्या मापात, चार पिशव्या लावणाऱ्याला ते किलो-दोन किलोने मिळणे कठीण असते. मग घरातलाच कोंब आलेला बटाटा लावला जातो. तसे करण्यात गैर काही नाही, मात्र लांबलचक, फिकट, सुतासारखे कोंब आलेला बटाटा सोडून आखूड, जाड, जांभळट कोंबांचा निवडावा, आणि कापायचा झाल्यास प्रत्येक तुकड्यावर किमान दोन डोळे ठेवून काप दिवसभर सावलीत सुकू द्यावेत. यंदाचेच बारीक बटाटे बियाणे म्हणून नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवण्याचा मोह टाळलेला बरा: आपल्या उन्हाळ्यात ते घरात सुरकुतून जातात, शिवाय मावा या रस शोषणाऱ्या किडीमुळे झाडात शिरलेले विषाणू कंदांतून पुढच्या पिढीत उतरतात. ते सालीसकट धुऊन, कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करून संपवावेत.

रताळ्याची गोष्ट जवळजवळ उलटी आहे. बटाट्याला जी ऊब नडते, ती रताळ्याला मानवते. चोवीस ते तीस अंशांत त्याचा वेल जोमाने वाढतो आणि साधारण साडेतीन ते चार महिन्यांत रताळी काढणीला येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’ ही जात कोकणासाठीच विकसित केली आहे, यावरूनही या पिकाचे इथल्या हवामानाशी असलेले नाते लक्षात यावे. बियाण्याचा खर्च नगण्य असतो, कारण लावायचा असतो तो वेलाचा तुकडा. शिवाय कोवळ्या पानांची भाजी होते, म्हणजे खाली काय चालले आहे हे कळण्याआधीही काही पदरात पडत असते. रताळ्याचे वैर आहे ते साचलेल्या पाण्याशी. जून-जुलैच्या संततधारेत, उघड्या गच्चीवर, तळाला पुरेशी भोके नसलेल्या पिशवीत लावलेले रताळे वेलच वेल देते आणि खाली बोटभर जाडीची दोरीसारखी मुळे. त्यामुळे गणपतीनंतर, पावसाचा जोर ओसरल्यावर लागवड करावी. ऑक्टोबरअखेरीस लावलेले रताळे महाशिवरात्रीच्या सुमारास निघते, जेव्हा उपवासामुळे बाजारात त्याचा भाव चढलेला असतो. सोंड्या भुंग्याचा उपद्रव होऊ नये, म्हणून मातीला भेगा पडू न देणे आणि उघडी पडलेली रताळी झाकत राहणे, एवढी दक्षता मात्र घ्यावी लागते.

उत्पन्नाच्या दृष्टीने पाहता, वीस लिटरच्या पिशवीतून बटाटा अर्धा ते एक किलो निघाला, तर इथल्या हवेत ते यशच मानावे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारावर जगणाऱ्या शहरात त्या किलोने घरखर्चात फरक पडत नाही. रताळेही त्याच पिशवीत साधारण तेवढेच देते, पण वर्षागणिक त्याचा भरवसा अधिक असतो, आणि माझ्या मते बाल्कनीतल्या शेतीत हाच निकष निर्णायक मानावा. दोन्हींचे कूळ वेगळे असल्यामुळे बटाट्याच्या त्याच मातीत रताळे लावता येते, तर टोमॅटो, वांगी, मिरची ही बटाट्याची भावंडे तिथे लगेच लावणे रोगाला आमंत्रण देणारे ठरते.

ज्यांच्यापाशी जमीन आहे, म्हणजे ऐरोली-नेरूळच्या रो-हाउसचे अंगण किंवा येऊरच्या पायथ्याचा तुकडा, त्यांनी कोनफळाचाही विचार करावा. ते मेच्या अखेरीस लावले की हिवाळ्यात निघते, मात्र आठ-नऊ महिने जागा अडते आणि वेलाला मांडव लागतो. बाल्कनीत ते नकोच. येऊरच्या बाजूला रात्री शहरापेक्षा गार असतात, त्यामुळे बटाट्याचा दुसरा डाव खेळायचाच असेल तर तो तिथल्यांनी खेळावा. खाडीकडच्या इमारतींत, दिवसभर तापलेल्या काँक्रीटशेजारी राहणाऱ्यांनी एखादी पिशवी मुलांच्या हौसेखातर बटाट्याची ठेवून बाकीच्यांत रताळे लावावे. ज्यांच्याकडे ऊनच येत नाही, त्यांनी कंदांचा नाद सोडून वडीचे अळू लावावे.

रताळ्याचे वेल विकत शोधण्याची गरज नाही. बाजारातले एक निरोगी रताळे ऑगस्टच्या आरंभी ओलसर मातीत आडवे, अर्धे उघडे ठेवले, तर महिना-सव्वा महिन्यात त्यावर वीतभर वाढ येते. ती कापून दोन-तीन पेरे मातीत जातील अशी तिरकी लावावी आणि पहिला आठवडा दुपारच्या उन्हापासून जपावी.