चिखलदऱ्याची खोली परतवाड्यातच तपासून घ्या

पावसाळ्यात घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचा बेत असेल आणि खोली फोटो पाहून, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून, क्यूआर कोडवर आगाऊ पैसे टाकून ठरवली असेल, तर परतवाड्याहून घाट चढायच्या आधी हे वाचा. आमच्या सात जणांच्या कुटुंबाला जो त्रास झाला तो दुसऱ्या कोणाला होऊ नये, एवढ्यासाठी सगळं तपशीलवार लिहितो आहे. ज्यानं आम्हाला फसवलं त्या माणसाचं नाव लिहीत नाही. तक्रार दिलेली आहे, आणि सोशल मीडियावरच्या त्याच्या पानाचं नाव आमच्या डोळ्यांदेखत बदललं आहे. नाव लक्षात ठेवून उपयोग नाही, त्याची पद्धत लक्षात ठेवा.

आम्ही अंजनगाव सुर्जीकडचे. पाऊस उघडला की आमच्या शेतातून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग स्वच्छ दिसते. आईचं सगळं आयुष्य त्या रांगेकडे पाहत गेलं, पण वर कधी जाणं झालं नव्हतं. भीमानं कीचकाला मारून चिखलदऱ्याच्या दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले, ही गोष्ट तिनं आम्हाला लहानपणी सांगितली, आता नातवंडांना सांगते. भाच्याला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पाहायचा होता. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो किल्ला घेतला आणि त्याच महिन्यात शिंद्यांशी जो तह झाला तो आमच्या सुर्जी-अंजनगावचा, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. २०२५ च्या श्रावणात सोयाबीन, कपाशीची डवरणी आटोपली, १५ ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या, ताई आणि भाऊजी माहेरी आले होते. म्हटलं, आता नाही तर कधी?

भाऊजींना सोशल मीडियावर एक पान सापडलं. दरीकडे तोंड असलेली गॅलरी, निळे कठडे, मागे धुकं, आत पांढऱ्या चादरी. खाली मोबाइल नंबर. फोनवरचा माणूस अतिशय गोड बोलायचा. आईच्या गुडघ्याचं सांगितलं तर म्हणाला, "काकूंसाठी तळमजल्यावरची रूम ठेवतो, काही टेन्शन घेऊ नका." सोमवारच्या उपासाला भगर मिळेल का विचारलं, तर म्हणाला, "भगर, शेंगदाण्याची आमटी, सगळं घरगुती." दोन खोल्या, दोन रात्री, दोन्ही वेळचं जेवण धरून १४,००० रुपये. ७,००० आगाऊ आणि २,००० अनामत. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर हॉटेलचं नाव न दिसता एका व्यक्तीचं नाव दिसलं. विचारलं तर "ते मालकाचं खातं आहे" म्हणाला. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'बुकिंग कन्फर्म' एवढेच दोन शब्द आले.

आता निघण्याच्या दिवसाचं नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. आम्ही सकाळीच निघणार होतो. त्यानं फोन करून सांगितलं, "आधीचे गेस्ट उशिरा जाणार आहेत, घाई करू नका. परतवाड्याला जेवण करा, आरामात संध्याकाळी या." त्यानंतर दर थोड्या वेळानं त्याचा फोन. "कुठवर आले?" परतवाड्यात जेवायला थांबलो तेव्हा आला, धामणगाव गढी सोडलं तेव्हा आला. ताई म्हणाली, किती काळजी घेतो बिचारा. घाटात रेंज गेली, वर मोथा गावाजवळ परत आली, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. तो पर्यटकांची वाट पाहत नव्हता. आम्ही मागे फिरू शकणार नाही इतके वर आलो की नाही, हे तो मोजत होता.

चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर आहे. श्रावणात तिथं दुपारीच धुकं उतरतं, संध्याकाळी गाडीच्या काचेपुढचं दिसत नाही. गावात शिरलो तेव्हा अंधार पडलेला, पाऊस लागलेला, रस्त्यावर गाड्यांची रांग. त्यानं सांगितलेल्या वळणावर रेनकोट घातलेला एक पोरगा मोटरसायकल घेऊन उभा होता. "तिकडच्या हॉटेलातली पाण्याची मोटर जळाली. आपली दुसरी प्रॉपर्टी आहे, त्याच्यापेक्षाही भारी. माझ्या मागं या." आम्ही त्याच्या मागून गेलो. गाव संपलं, डांबर संपलं, आणि अर्धवट बांधलेल्या एका दुमजली घरापुढं त्यानं गाडी थांबवली. वरच्या मजल्याला गिलावा नव्हता. बोर्ड नव्हता.

तळमजल्यावर दुसरीच माणसं राहत होती, म्हणून आमच्या खोल्या वर. कठडा नसलेल्या जिन्यानं आईला दोन्ही बाजूंनी धरून चढवावं लागलं. भिंतींना ओल आलेली, गाद्या हाताला ओल्या लागत होत्या, रजयांना कुबट वास. दोन खोल्यांत मिळून एकच संडास-न्हाणी, तीही बाहेर, पत्र्याची. गॅलरी नाही, दरी नाही, खिडकीतून समोरच्या घराची भिंत. वीज गेलेली होती आणि सांगितलेला इन्व्हर्टर कुठं दिसेना. मी भाऊजींना म्हटलं, चला, दुसरीकडं पाहू. आम्ही दोघं गाडी घेऊन गावात फिरून आलो. लागून सुट्ट्या, सगळीकडं 'जागा नाही'. काही मंडळी गाडीतच झोपायची तयारी करत होती. परत आलो तेव्हा लहानगी आजीच्या मांडीवर कुडकुडत होती. आई म्हणाली, "राहू दे बाबू, रात्र काढू. लेकरं भिजून राह्यले, आता रातचं कुठी जातं?"

त्याच वेळी पोरानं दोन गोष्टी मागितल्या. उरलेले ७,००० रुपये, आणि सगळ्या मोठ्या माणसांची मूळ आधार कार्डं, "रजिस्टरला नोंद करायची आहे" म्हणून. नोंद करून परत देतो म्हणाला आणि कार्डं घेऊन गेला. ती मिळाली सोमवारी, बिल चुकतं केल्यावर.

जेवणाचं फार लिहीत नाही. पातळ वरण, गार पोळ्या, बटाट्याची भाजी, आणि दुसऱ्या दिवशीही तेच. आंघोळीच्या पाण्याची बादली मागितली की पोरगा वहीत काहीतरी लिहायचा. सोमवारी सकाळी आईनं भगर विचारली, तर म्हणाला, "तसलं काही नाही सांगितलं मले. बिस्किटं आहेत." वरच्या त्या थंडीत आईनं नुसत्या काळ्या चहावर सकाळ काढली. मला पैशांपेक्षा याचा राग जास्त आहे. तिनं कोणाकडे काही मागितलं नव्हतं. भगर मिळेल असं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

निघताना वहीच्या फाटक्या पानावर बिल आलं. गरम पाण्याच्या चौदा बादल्या, ४० रुपयांनी ५६०. सर्व्हिस चार्ज दहा टक्के, १,४००. 'जीएसटी' अठरा टक्के, २,५२०. आणि २,००० ची अनामत परत नाही, कारण रजईला डाग. त्या रजया आम्ही पहिल्या रात्रीच दारात ठेवून घरून आणलेल्या चादरींवर झोपलो होतो, हे सांगून काही फरक पडला नाही. कार्डं त्याच्या ताब्यात, तो रोख मागत होता. मी रोख दिले नाहीत. त्याला घेऊन रेंज मिळेपर्यंत रस्त्यावर आलो आणि ४,४८० रुपये यूपीआयनंच दिले, म्हणजे नोंद राहील. १४,००० चे असे २०,४८० झाले.

तिथून निघून देवी पॉइंटकडे जाताना भाचा गाडीत एकदम ओरडला, "मामा, ते पाहा निळे कठडे!" फोटोतली गॅलरी तिथं खरोखरच होती. आम्ही आत गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी आमच्या मोबाइलवरचं पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फोटो त्यांच्याच हॉटेलचे, पण नंबर त्यांचा नाही, खातं त्यांचं नाही, माणूसही त्यांचा नाही. त्यांची मोटर जळाली नव्हती. आमच्यासारखे आधीही येऊन त्यांच्याच काउंटरवर भांडून गेले होते. त्यांनी आईला बसवलं, न मागता साबुदाण्याची खिचडी करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या अशा माणसांचंही या लोकांमुळे नुकसान होतं, हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

ही फसवणूक अंधार, पाऊस, घाट आणि गाडीतली म्हातारी-लेकरं यांच्या जोरावर चालते. दुपारी बारा वाजता, कोरड्या उन्हात ते घर दाखवलं असतं तर कोणीही तिथून परत फिरलं असतं. म्हणून तपासणी घाटाच्या खाली, परतवाड्यात करायची. तिथून चिखलदरा तीसेक किलोमीटर, तिथं रेंज आहे, मुक्कामाला लॉज आहेत, मागे फिरायला रस्ता आहे. तिथं थांबून हॉटेलवाल्याला व्हिडिओ कॉल करा. आधी बाहेरचा बोर्ड दाखवायला सांगा, मग तिथूनच फोन न ठेवता चालत तुमच्या खोलीपर्यंत जायला सांगा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवून घेऊ नका. खोली ज्याच्या हातात आहे त्याला हे करायला दोन मिनिटं लागतात. जो कारणं सांगेल, त्याच्या भरवशावर घाट चढू नका.

त्याही आधी, पैसे टाकण्यापूर्वी, हॉटेलचं नाव नकाशावर शोधून तिथल्या नंबरवर स्वतंत्र फोन करा आणि तुमचं बुकिंग त्यांच्याकडं आहे का विचारा. जीएसटी नंबर मागा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. क्यूआरवर दिसणारं नाव आणि हे नाव जुळलं पाहिजे. संध्याकाळी या असं कोणी सांगितलं तरी उजेडी पोहोचा, आणि उरलेले पैसे खोली पाहिल्याशिवाय देऊ नका. मूळ आधार कार्ड कोणाच्याही ताब्यात ठेवू नका. दाखवा, हवं तर झेरॉक्स द्या. आधाराच्या संकेतस्थळावरून आकडे झाकलेली प्रत काढता येते, तीच सोबत ठेवलेली बरी.

बिलाबद्दल मला जे नंतर कळलं तेही सांगतो. ज्याच्याकडं जीएसटीची नोंदणी नाही त्याला जीएसटी म्हणून एक रुपयाही घेता येत नाही. शिवाय साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तेव्हा दर बारा टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्के झाला आहे. अठरा टक्के कुठंच बसत नव्हते. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे निर्देश आहेत. आणि रीतसर बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथाच आहे.

आम्ही त्या सोमवारीच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन शिक्क्याची प्रत घेतली आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर व्यवहार क्रमांकांसह तक्रार नोंदवली. पैसे गेल्यानंतर हा फोन जितक्या लवकर कराल तितकी ते खात्यात थांबवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून घरी येईपर्यंत थांबू नका. सेवेतल्या फसवणुकीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन वेगळी आहे. भाऊजींनी खोल्यांचा, जिन्याचा, न्हाणीचा व्हिडिओ काढून ठेवला होता, फोनवरचं बोलणं सोडलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा शब्दन् शब्द आमच्याकडं आहे, फाटक्या पानावरचं बिलही आहे. हे सगळं जोडून जिल्हा ग्राहक आयोगाची तक्रार तयार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. नागपूरचा, अकोल्याचा किंवा यवतमाळचा माणूस आपापल्या जिल्ह्यात करू शकतो.

चिखलदऱ्यात निळ्या कठड्यांची गॅलरी दाखवून दुसऱ्याच घरात नेलं गेलेलं आणखी कोणी हे वाचत असेल, तर चॅट आणि यूपीआयची नोंद पुसू नका. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, आणि २०२५ च्या श्रावणातल्यांची ती मुदत २०२७ च्या ऑगस्टात संपेल.