स्कॅनर की फ्युएल प्रेशर गेज?
कोपरखैरण्याच्या शेजारीकाकांनी प्लग, फिल्टर, बॅटरी बदलली. तरी सकाळी गाडी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. काका, आता आणखी पार्ट नकोत, आधी तपासणी.

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र; स्वस्त, सोसायटीच्या पार्किंगमध्येच जोडता येतं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान हवेइतकंच दिसायला हवं. नवी मुंबईत उणे आकडा दिसला तर सेन्सर किंवा वायरिंग बघा. पण साध्या एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीत पेट्रोलचा दाब त्यात सहसा दिसत नाही. स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही म्हणून दोष नाही, असं मुळीच समजू नका.

गेज म्हणजे पेट्रोलचा दाब मोजणारा मीटर. तो लावायला मेकॅनिक हवा, पेट्रोल सांडून आगीचा धोकाही. पण गाडी बंद केल्यावर दाब झरझर उतरतो का, हे गेजच दाखवतो. मग संशय पंपाच्या चेक व्हॉल्व्हवर (पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेवर) किंवा इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गळक्या इंजेक्टरवर.

सकाळी सेल्फ मारण्याआधी चावी दोनतीनदा नुसती ऑन-ऑफ करा, म्हणजे पंप दाब भरतो. त्यानं गाडी पटकन सुरू झाली, तर गेज लावून घ्या. फरक पडला नाही, तर आधी स्कॅनर.