एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर आहात? वाढीव दर नेमका कुणाकडे मागायचा

कॉन्ट्रॅक्ट संपायला दीड-दोन महिने उरले की हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये हा विषय हमखास निघतो. एजन्सीकडे दर वाढवून मागायचा, एजन्सीच बदलायची, की पेरोल (एजन्सीचा महिन्याचा पगार) सोडून इन्व्हॉइसवर (स्वतः बिल देऊन पैसे घेणं) जायचं? मी सात वर्षं एजन्सीमार्फत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतेय आणि हे तिन्ही मार्ग करून पाहिलेत. माझं मत ठाम आहे. पैसा कुठे अडलाय ते आधी शोधा: एजन्सीच्या मार्जिनमध्ये, की क्लायंटच्या, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम करता त्या कंपनीच्या, रेट कार्डात (कोणत्या कामाला किती दर, याच्या तक्त्यात)? ते माहीत नसताना "दहा टक्के तरी द्या" म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

मार्जिनमधून वाढ की क्लायंटकडून वाढ

समजा, क्लायंट तुमच्यासाठी एजन्सीला जीएसटी सोडून महिन्याला १,५०,००० रुपये देतो आणि एजन्सी तुमच्यावर १,२०,००० खर्च करते. मधले ३०,००० बिलाच्या २० टक्के होतात, पण तुमच्या दराच्या २५ टक्के. पहिलं मार्जिन, दुसरं मार्कअप. बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. म्हणून "आम्ही वीसच टक्के घेतो" असं ऐकलं की "कशावर वीस?" हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

हे तीस हजार सगळे नफ्याचे नसतात, हेही मान्य करायला हवं. क्लायंट ४५-६० दिवसांनी पैसे देतो, तुमचा पगार मात्र महिनाअखेरीला होतो. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर १,२०,००० रुपये दोन महिने अडकले की २,४०० रुपये तिथेच गेले. शिवाय रिक्रूटर, पेरोलचं काम, मध्येच कुणी सोडून गेलं तर त्याची जागा भरणं. तरीही जागा उरते.

आता तुम्हाला १२,००० वाढवून हवेत. ते पूर्ण मार्जिनमधून द्यायचे तर एजन्सीकडे १८,००० उरतात, म्हणजे बिलाच्या १२ टक्के. त्याला एजन्सी क्वचितच तयार होते. आणि तिला आपले २० टक्के राखायचे असतील तर बिल १,६५,००० वर न्यावं लागतं. तुमच्या हाती १२,००० पडायला क्लायंटला १५,००० मोजावे लागतात. मॅनेजरचा चेहरा का पडतो, ते यातून समजतं.

म्हणून पाच-सहा हजारांची वाढ हवी असेल तर एजन्सीशीच बोला. तिच्या अखत्यारीतली गोष्ट आहे, आठवड्यात निर्णय होतो. त्याहून मोठी हवी असेल तर क्लायंटच्या मॅनेजरने मागणी वर पाठवल्याशिवाय काही हलत नाही, आणि परचेस विभागाची मंजुरी यायला महिना-दीड महिना सहज जातो. एक काळजी घ्या: क्लायंटशी दराबद्दल बोलायचं नाही, असं कलम बऱ्याच करारांत असतं. मग मॅनेजरशी आकडा बोलू नका. "माझं एक्स्टेन्शन ३० तारखेला संपतंय, एजन्सीशी बोलणं चालू आहे, पुढच्या रिलीजला मी हवी असेन तर तुम्ही त्यांना वेळेत कळवा," एवढं पुरतं.

माझा अनुभव सांगते. एका एजन्सीने मला सलग दोन वर्षं "रेट कार्ड फ्रीझ आहे, मॅडम" असं सांगितलं आणि मी विश्वास ठेवून गप्प बसले. एकदा चहाच्या टपरीवर मॅनेजर सहज बोलून गेले, "तुमचं बिल आम्ही गेल्या एप्रिलमध्ये वाढवलं की!" मला चहा गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी एजन्सीला मेल केली. त्यात तक्रार नव्हती, एकच प्रश्न होता: "गेल्या एप्रिलपासून माझ्या जागेचा बिल रेट बदलला आहे का?" चार दिवसांनी फोन आला आणि नऊ टक्के वाढ मिळाली. मागची थकबाकी मात्र मिळाली नाही. तेव्हापासून दर रिन्यूअलला हा प्रश्न मी लेखीच विचारते. एजन्सी आकडा सांगायला बांधील नसते, पण लेखी प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला कुणीही कचरतं.

एजन्सी बदलणं

उडी सगळ्यात मोठी इथेच मिळते, कारण नव्या जागेचा दर अजून ठरलेला नसतो. पण तो तुमचं प्रोफाइल क्लायंटकडे जाण्याआधी ठरवा. एकदा एजन्सीने एका दरावर प्रोफाइल पाठवलं की नंतर तीच मर्यादा होऊन बसते. दोन एजन्सींना एकाच जागेसाठी होकार देऊ नका. प्रोफाइल दोनदा आलं की बरेच क्लायंट दोन्ही प्रोफाइल नाकारतात.

त्याच क्लायंटकडे दुसऱ्या एजन्सीतून जायचा विचार असेल तर तो बहुतेक वेळा फसतो. करार संपल्यानंतर दुसरीकडे काम करायला मनाई करणारं कलम १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, हे खरं. पण क्लायंट आणि एजन्सी यांच्यातला वेगळा करार असतो, आणि तो मोडून तुम्हाला घ्यायची तयारी क्लायंटची नसते.

पेरोल की इन्व्हॉइस

"दर वाढत नाही, पण इन्व्हॉइसवर या, १,३०,००० देतो." ही ऑफर दिसते वाढीसारखी. हिशेब मांडून बघा. इन्व्हॉइसवर १० टक्के टीडीएस कापला की खात्यात १,१७,००० येतात. वर्षाचे १५,६०,००० होतात, आणि ४४एडीएखाली, म्हणजे ठरावीक व्यावसायिकांसाठीच्या आयकर सवलतीखाली, निम्मं उत्पन्न दाखवता येत असेल तर करपात्र ७,८०,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट असल्याने कर शून्य, कापलेला टीडीएस परत. पेरोलवर १,२०,००० मधून कंपनीचा किमान १,८०० पीएफ आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली तर वर्षाचा कर साधारण ८४,८०० येतो.

इथपर्यंत इन्व्हॉइस जिंकतं. पण पेरोलवर १५ भरपगारी रजा असतील तर? महिन्याचे २१ दिवस धरले तर इन्व्हॉइसवर दिवसाला ६,१९० पडतात, म्हणजे १५ दिवस घरी राहिलात की ९२,८५० गेले. करात वाचलेलं सगळं तिथेच संपलं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मेडिक्लेम स्वतःचा. गृहकर्जासाठी बँका सहसा किमान दोन वर्षांची रिटर्न मागतात. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणीही आली. आणि तुमचं काम ४४एडीएत बसतं का, हे सीएला विचारल्याशिवाय सही करू नका. रोज त्यांच्या वेळेत, त्यांच्या लॅपटॉपवर, त्यांच्या हजेरीत काम असेल तर हा पगारच आहे, असा प्रश्न निघू शकतो.

तिशीच्या आतल्या, जोडीदाराच्या कंपनीचा मेडिक्लेम असलेल्या आणि कर्ज नको असलेल्या माणसाला मी इन्व्हॉइस घे म्हणेन, तेही पेरोलपेक्षा किमान १५ टक्के जास्त मिळत असेल तरच. घरात लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील तर पेरोल सोडू नये.

मार्ग कोणताही निवडा, बोलणं करार संपायच्या ४५ दिवस आधी सुरू करा. शेवटच्या आठवड्यात एजन्सीला ठाऊक असतं की तुमच्याकडे दुसरं काही नाही. आणि "झालं तुमचं काम" असा फोन आला तरी सुधारित वर्क ऑर्डर हातात घेऊन त्यावरची लागू होण्याची तारीख वाचा. माझी पहिली वाढ एक जूनपासून तोंडी ठरली होती, ऑर्डरवर एक ऑगस्ट छापून आलं, आणि मधल्या दोन महिन्यांबद्दल बोलायला माझ्याकडे एक ओळही लेखी नव्हती.