बीआरएम की डोंगरातली अल्ट्रा? माझं उतारावर ठरलं

दोन-चार हाफ झाल्या, एखादी फुल मॅरेथॉनही पदरात पडली की ‘आता पुढे काय’ हा किडा वळवळायला लागतो. समोर दोन वाटा असतात: सायकलवर बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरा करायचा लांब पल्ला, किंवा डोंगरातली अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पळणं. चाळिशी उलटल्यावर मी दोन्ही करून पाहिलं. एका हंगामात २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या बीआरएम करून एसआर (सुपर रँडोनर, चारही पल्ले पुरे करणाऱ्याचा किताब) झालो आणि पुढच्या वर्षी लोणावळ्याच्या चढउतारांवर ५० किलोमीटर पळालो. दोन्हीकडे मी शेवटच्या घोळक्यातला, तेव्हा माझं मत त्या बेतानंच घ्या.

सरावाला पळणं सोयीचं, यात वाद नाही. पहाटे दीड तास काढला की ऑफिस गाठता येतं. सायकलीला अख्खा रविवार लागतो, शिवाय घरच्यांची नाराजी. ४००च्या बीआरएमला २७ तास मिळतात, म्हणजे आमच्यासारख्याला एक रात्र रस्त्यावर काढणं आलंच. गावाच्या वेशीवरची कुत्री, समोरून अप्पर मारत येणारे ट्रक, आणि पंक्चर झालं तर हेल्मेटवरच्या दिव्यात ट्यूब बदलणारे आपणच. गाडी घेऊन मित्र आला तरी त्यानं भेटायचं ते कंट्रोललाच, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या थांब्यावरच, मध्ये मदत घेतली तर बाद. पण कार्डावर शिक्का घेऊन, ढाब्यावर दालखिचडी हाणून, बाजेवर वीस मिनिटं आडवं होता येतं. शिवाय बीआरएम ही शर्यत नव्हे, तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. पळताना छातीवर बिब (नंबराचा कागद) लागला की माझ्या डोक्यात काय शिरतं कुणास ठाऊक, शेजारच्याला गाठायला जातो आणि पंधराव्या किलोमीटरला पस्तावतो.

एवढ्यावर मी कदाचित दोन्ही चालू ठेवलं असतं. माझं घोडं अडलं ते उतारावर.

साताऱ्याकडे जाताना सायकलवर खंबाटकी चढतो तेव्हा माझ्या तोंडात शिव्याच असतात. पण माथ्यावर पोचलं की पलीकडे पॅडल न मारता सुरूरकडे उतरायचं, श्वास जागेवर येतो, चिक्की खाऊन होते. चढलेला घाट सायकल परत करते. पळताना तसं नाही. चढ बहुतेक जण चालत काढतात, त्यात दम जातो, पाय शाबूत राहतात. उतारावर मात्र प्रत्येक पावलाला अंग सावरायचं काम मांड्यांकडे. ताणल्या जात असतानाच त्यांना जोर लावावा लागतो, म्हणून स्नायू आतून दुखावतात. चाळिसाव्या किलोमीटरनंतर तर मी उतार दिसला की धास्तावायचो. चढ आला की हायसं वाटायचं!

आणि ते दुखणं लगेच कळतही नाही. त्या दिवशी मी मेडल घालून मस्त जेवलो. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून उलटा उतरलो, एकेक पायरी. खालून दूध घेऊन येणाऱ्या काकू थांबल्या. “काही राहिलं का वर?” मी “हो” म्हणालो आणि पुन्हा वर गेलो. चढताना काही दुखत नव्हतं. सगळं शांत झाल्यावर परत उतरलो, उलटाच. ६०० केल्यावर बसायचे वांधे झाले होते, पण जिना कधी अडला नव्हता.

आता कुणी म्हणेल, उताराचा सराव कमी पडला. पडला असेल. सिंहगडावर चढून उतरायला जीप धरणारा मी, मला तोंड नाही बोलायला. तुमचे गुडघे-मांड्या दणकट असतील किंवा तुम्ही तळमजल्यावर राहत असाल, तर अल्ट्रा जरूर करा. डोंगरात उजाडताना पळण्यात जी मजा आहे ती हायवेच्या पांढऱ्या पट्टीवर नाही, हे मीही मान्य करतो.

पण मला विचाराल तर आधी एक २०० करून बघा. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो, वेळ साडेतेरा तास मिळतो. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि पुढचे-मागचे दिवे आधीच घेऊन ठेवा, आणि दोन ट्यूब. एक पुरत नाही.