एक्सआरडी (एक्सरे टाकून क्रिस्टलची रचना तपासणं) बाहेरून करून घेताय? आधी हे वाचा

मी काचेवर झिंक ऑक्साइडच्या फिल्म्स (पातळ थर) बनवतो, स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे ४०० डिग्रीला तापवलेल्या काचेवर झिंक अॅसिटेटचं सोल्यूशन फवारून. डिपार्टमेंटचं एक्सआरडी मशीन बंद पडलेलं, चॅप्टर द्यायचा होता, म्हणून एकाने सांगितलेल्या एजंटकडे ६ सॅम्पल पाठवले. पैसे आधी. फॉर्मवर मटेरियलचं नाव लिहायचं होतं तेही लिहिलं, तिथंच माशी शिंकली.

४ दिवसांत डेटा आला आणि काय सुंदर! ३१.८, ३४.४, ३६.३ डिग्रीच्या कोनाला टोकदार पीक (ग्राफमधले सुळके), अगदी झिंक ऑक्साइडच्या रेफरन्स कार्डात असतात तसे. मी खूश, पीकच्या रुंदीवरून, शेररच्या फॉर्म्युल्याने, क्रिस्टलाइट साइज (बारीक क्रिस्टलचा आकार) काढून चॅप्टर लिहून मोकळा. नंतर टेबल आवरताना ६ नंबरची फिल्म डबीतच सापडली, म्हणजे मी तिच्या जागी नुसती धुतलेली काच पाठवली होती आणि त्या कोऱ्या काचेचेही झिंक ऑक्साइडचे पीक आले होते, साइज २८ नॅनोमीटर 😅

मग बाकीचे ग्राफ नीट बघितले. काचेवरच्या पातळ फिल्मच्या ग्राफमध्ये २० ते ३० डिग्रीच्या आसपास काचेचा पसरट फुगवटा दिसतोच, कारण एक्सरे फिल्म पार करून खाली काचेत जातात, इथं बेसलाइन सपाट. पीकच्या उंचीचं प्रमाण हुबेहूब पावडरसारखं, ३६.३ वाला सगळ्यात उंच, स्प्रेच्या फिल्ममध्ये बऱ्याचदा ३४.४ वाला चढतो. तरी म्हटलं असेल. शेवटी २ सॅम्पलच्या डेटाची वजाबाकी केली तर पीक सोडून सगळीकडे शून्य, म्हणजे नॉइज (मोजणीतले बारीक चढउतार) सुद्धा कॉपी पेस्ट, खऱ्या मोजणीत २ वेळा एकच नॉइज येणं शक्यच नाही.

एजंटकडे रॉ फाइल (मशीनची मूळ फाइल) मागितली तर आधी "ऑपरेटर सुट्टीवर", मग "फाइल करप्ट झाली", मग ब्लॉक. सॅम्पलही परत आले नाहीत.

सरांना सांगायला २ दिवस लागले, पैशापेक्षा त्याचंच जास्त टेन्शन होतं. ते इतकंच म्हणाले की मटेरियल सांगायचं तर सांग पण एक कोरी काच मुद्दाम घालायची, सॅम्पलवर नुसते कोड, आणि रॉ फाइल देणार का ते पैसे देण्याआधी लेखी घ्यायचं. आता मशीन चालू झालंय, खरा ग्राफ आला, काचेचा मोठा फुगवटा आणि ३४.४ ला एकच बारका पीक. चॅप्टर परत लिहितोय.