ब्लॅक होलच्या आत नेमकं काय: सिंग्युलॅरिटी की ग्रॅवास्टार?
नेहमीची थिअरी म्हणते आत फक्त ओढ. पाय आधी गेले तर पायाला डोक्यापेक्षा जास्त ओढ बसते, माणूस रबरासारखा ताणला जातो आणि शेवटी सिंग्युलॅरिटी, जिथे घनता अनंत. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोजने 1965 ला दाखवलं की काही अटी धरल्या तर हे टळतच नाही. गणित पक्कंय, पण अनंत उत्तर आलं की मला तरी वाटतं कुठेतरी पाणी मुरतंय.

ग्रॅवास्टार ही 2001 ची मझूर आणि मोटोला या भौतिकशास्त्रज्ञांची आयडिया, यात आतला दाब निगेटिव्ह, म्हणजे ग्रॅव्हिटी आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलते (डार्क एनर्जीसारखंच), भोवती एकदम पातळ कवच आणि होरायझन (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा) बनायच्या जरासं आधीच सगळं थांबतं, त्यामुळे पेनरोजच्या अटीच लागू होत नाहीत. भारी पळवाट!

गोची एवढीच की कोसळणारा तारा असा बनणार कसा हे कोणी नीट दाखवलेलं नाही. शिवाय दोन ग्रॅवास्टार धडकले तर गुरुत्वलहरींत (अशा धडकेने अवकाशात उठणारे तरंग) मागून प्रतिध्वनी यायला हवेत, 2015 पासून लहरी पकडतोय पण तसा पक्का पुरावा नाही. सध्या माझं मत जुन्या थिअरीलाच, नाइलाजाने.